नाना, मला या प्रशिक्षणातून मोकळं करा

प्रिय नाना,

पोडियम मी केलं. सागवानी, मागे दोन कप्पे, उंची तुमच्या कोपराला टेप लावून घेतलेली. घडी घालता येणारा फळा मी केला. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांचा मांजरपाटावरचा नकाशा मी काढला आणि ज्या ज्या गावात आपला सेवा क्लब आहे तिथे पितळी रिंग ठोकली. बैठकीची घंटा जुन्या पंपांच्या गनमेटलची. ओतून दिली दुसऱ्याने, पण लेथवर कातली मी. माईकच्या अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर मी गुंडाळला, म्हणून तो घूं करत नाही. सरावाच्या खोट्या बैठकीत छातीवर लावायचे पत्र्याचे बिल्ले मी कापले, घासले, रंगवले, आणि त्यावर 'रुसलेला खजिनदार', 'फक्त जेवायला येणारा', 'खुर्ची न सोडणारा माजी अध्यक्ष' ही अक्षरं माझ्या हातची.

हे सगळं आत्ता माझ्याभोवती आहे. रविवारचं प्रशिक्षण संपलं, टेम्पोवाल्याने सामान दुकानात आणून टाकलं, आणि ते जिथे उतरलं तिथेच आहे. शटरपासून स्टुलापर्यंत यायला मला नकाशाच्या गुंडाळीवरून पाय टाकावा लागला. सकाळपासून लाइट नाही, मोटारींच्या रिवाइंडिंगचं काम ठप्प, म्हणून लिहायला बसलो.

आणि लिहितोय ते एकच मागायला. नाना, मला सोडा.

हसू नका! तुम्ही हसायचात तसे, खांदे हलवत, आवाज न करता. तुम्ही गेल्यापासून दर वर्षी विभागप्रमुखांचं प्रशिक्षण मी घेतोय. चांगलं घेतोय, हे मला कोणी सांगायची गरज नाही. माझ्यासारखी खोटी बैठक दोन्ही जिल्ह्यांत कोणी लावून दाखवावी! पण मला आता हे करायचं नाही. आणि हे एवढं साधं वाक्य ऐकून घेणारा जिवंत माणूस मला सापडत नाही, म्हणून तुमच्याकडे आलोय.

रविवारी चहाच्या वेळी पारोळ्याकडचा एक नवा विभागप्रमुख मला म्हणाला, "भाऊ, घरचे विचारतात, विभागप्रमुख म्हणजे मोठा साहेब का?" मी त्याला तुमचंच उत्तर दिलं. चार-पाच गावांच्या क्लबांच्या पाठीशी उभा राहणारा माणूस. पगार नाही, हुकूम सोडायचा अधिकार नाही, पेट्रोल स्वतःचं. एखादा क्लब नेत्रशिबिर घेतो, एखादा आजारी माणसांना वॉकर आणि खाटा वापरायला देतो, एखादा नुसताच भांडतो. सगळ्यांकडे जायचं, ऐकायचं, आणि त्यांचं काम त्यांनाच करू द्यायचं. तो विचार करून म्हणाला, "म्हणजे सासऱ्यासारखं." मी म्हटलं, "सासऱ्याला निदान मान असतो रे!" सगळे हसले.

मी नाही हसलो. तुमचं उत्तर सांगताना माझा आवाजसुद्धा तुमच्यासारखा निघतो, हे माझ्या लक्षात आलं. तुमचं वाक्य, तुमचा विनोद, तुमच्या जागी उभा मी. मग मी कुठे आहे?

आपली ओळख कशी झाली आठवते का? तुम्ही जामनेर बसस्थानकावर कंट्रोलर. क्लबने बांधलेल्या पाणपोईची मोटार जळाली, ती गोणपाटात गुंडाळून, एसटीत पायाशी ठेवून तुम्ही जळगावला माझ्या दुकानात आणलीत. टाकून जाल असं वाटलं, तर स्टुलावर बसून राहिलात. मी तारेचे वेढे मोजत होतो, तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. गिऱ्हाईक इतकं गप्प बसतं कुठे? शेवटी मीच विचारलं, "काका, काही हवंय का?"

तुम्ही म्हणालात, "नही भाऊ. तू मोजी राह्यना. मी बोलसू तं तू चुकशी."

सोनगीरची तुमची बोली जामनेरात उभी नोकरी करूनही गेली नव्हती. मला तेव्हाच तुम्ही आवडलात. नववीत शाळा सुटलेला माणूस मी. मला कोणी शिकवलं नाही. जळालेल्या मोटारी उघडून, तार उलटी सोडवत, वेढे मोजत मोजत शिकलो, आणि आज माझ्या हातची मोटार परत आली तर मी पैसे घेत नाही. माझ्या मोजण्याचा मान ठेवणारे पहिले गिऱ्हाईक तुम्ही.

मग तुम्ही मला जळगावच्या क्लबात ओढलंत. तिथून प्रशिक्षणात. आधी सतरंज्या, मग माईक, मग बिल्ले. एकेक वेढा! तुम्हीही मला गुंडाळतच होतात की नाना, आणि मी चुकू नये म्हणून गप्प बसून होतात.

यावलची गोष्ट अजूनही मी दर वर्षी सांगतो. आपला तो जामनेरचा विभागप्रमुख, नाव लिहीत नाही, आता आजोबा झालाय. यावलच्या क्लबला भेटी देऊन यायचा आणि छाती फुगवून सांगायचा, "क्लब एक नंबर! काय माणसं आहेत!" प्रत्येक भेटीला केळीच्या बागेत भरीत-पुरीचा बेत. वर्ष संपताना कळलं की क्लब कधीच बंद पडलाय. सात-आठ माणसं फक्त याच्या येण्याच्या दिवशी जमायची, वांगी भाजायला! अध्यक्ष आणि खजिनदार एकमेकांशी बोलत नव्हते, पण पुऱ्या लाटताना शेजारी बसायचे.

कोणी खोटं बोललं नव्हतं. पाहुण्याच्या ताटात पुरी वाढता वाढता 'आमचं फाटलंय, आम्हाला जमत नाही' असं आपल्या खान्देशात कोण सांगेल? आणि वाढणाऱ्याला 'नको' कोण म्हणेल? दोघंही सभ्य, आणि क्लब मेला.

त्या दिवशी तुम्ही नियम केलात. "घरनी भाकर खाईसन जावानं." विभागप्रमुखाने घरून जेवून जायचं, तिथे फक्त पाणी प्यायचं. ताट समोर नसलं की माणसं अर्ध्या तासात खरं बोलायला लागतात. लोकांनी केवढी नाकं मुरडली! "आमच्या घरचं अन्न चालत नाही का?" असं यावलच्या एका अक्कांनी मला तोंडावर विचारलं होतं. पण नियम टिकला, आणि त्याच यावलचा क्लब आज मजुरांच्या मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग चालवतो. त्याचं श्रेय तुमचं. मी कबूल करतो, मला असलं काही सुचलं नसतं. मला पोडियमची उंची सुचते.

पण तुमचा दुसरा एक नियम होता, नाना. तो तुम्ही स्वतः पाळला नाहीत, आणि आज मी त्याबद्दल भांडणार आहे.

'कोणाला काम द्यायचं तर त्याला एकटं गाठून विचारा. चारचौघांत विचाराल तर तो हो म्हणेल, आणि करणार नाही.' हे वाक्य तुमचं. फळ्यावर माझ्या अक्षरात असायचं. खरं ना?

मग जामनेरला त्या दिवशी काय केलंत?

समारोप होता. तुमचा श्वास चढत होता, पोडियमला टेकून उभे होतात. मी बाजूला वायर गुंडाळत होतो. तुम्ही माझा दंड धरलात आणि माईकसमोर ओढलंत. "आते मन्हा नंतर हाऊ करी. याले बठ्ठं येस." तुमच्यानंतर मी, मला म्हणे सगळं येतं! भरला हॉल. टाळ्या! कोणीतरी घंटा वाजवली. माझ्या हातात अर्धी वायर. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाहीत. तुम्हाला माहीत होतं. एकट्यात विचारलं असतंत तर मी म्हणालो असतो, "नाना, करायला मी करीन, पण उभं राहून शिकवायला नको. माझं दुकान आहे." म्हणून तुम्ही एकट्यात विचारलं नाहीत!

वडीलधाऱ्याने भरल्या सभेत दंड धरल्यावर आपल्याकडे नाही म्हणायची रीत नाही. तुमच्या नियमात एकच खोट निघाली. मी हो म्हणालो, आणि करत राहिलो.

धुळ्याला दवाखान्यात तुम्हाला भेटायला आलो तेव्हा वाक्य ठरवून आलो होतो. बसमध्ये, जळगाव ते धुळे, मनात दहा वेळा म्हणून पाहिलं. 'नाना, मी एक-दोन वर्षं बघतो, मग दुसरा माणूस शोधू.' बस! एवढंच. तुमच्या नाकाला नळी होती. मी खुर्ची ओढली आणि तुम्ही विचारलंत, "खुर्च्या गोल लावतस ना? रांगेत नही ना?"

मी म्हटलं, "गोलच लावतो नाना."

तुम्ही डोळे मिटलेत. तेवढ्यावर समाधान झालं तुमचं. माझं वाक्य माझ्या घशातच राहिलं आणि ते घेऊन मी परतीच्या बसमध्ये बसलो. पुढच्या वेळी सांगू म्हटलं. पुढची वेळ आलीच नाही.

तुमच्या शोकसभेत जो बोलायला उठला तो आधी तुमच्या फोटोकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. "नाना गेले, पण भास्करभाऊ आहेत." भास्करभाऊ आहेत! जणू मीही फोटोतच आहे आणि हार तेवढा घालायचा राहिलाय.

तेव्हापासून असंच चाललंय. अमळनेरच्या क्लबात शिबिराच्या मंडपावरून वाद, भास्करभाऊला फोन. साक्रीला अध्यक्ष राजीनामा देतो म्हणतो, भास्करभाऊला फोन. विभागप्रमुख तयार केले कशाला मग आपण? त्यांनी उचलायचे ना हे फोन! मी एकाला तसं स्पष्ट म्हटलं, तर तो म्हणाला, "तुम्ही एकदा बोललात की मिटतं हो भाऊ. नानांचा शब्द आहे तुमच्यामागे." आणि सांगू का? मी बोललो की खरंच मिटतं. हीच तर गोची आहे. मी वाईट काम केलं असतं तर कधीच सुटलो असतो. पण मला वाईट काम करता येत नाही. मुद्दाम ठरवूनसुद्धा येत नाही!

माझ्या दुकानात ताडपत्रीखाली एक यंत्र अर्धवट पडलंय. कॉइल गुंडाळायचं, वेढे मोजून आपोआप थांबणारं. माझ्या डोक्यातलं. विकत मिळतं तसलं नाही. त्याला सलग रविवार हवेत. माझे रविवार सावदा, शिरपूर, चोपडा असे गावोगाव वाटलेले आहेत.

सुनंदा मागच्या आठवड्यात पोळ्या करता करता म्हणाली, "तुमचे नाना गेले म्हणे. आपल्या घरातून कधी जाणार?"

मी रागावलो. मग बाहेर जाऊन ओट्यावर बसलो. ती वाईट बोलली नव्हती, नाना. तुमच्यासाठी किती वेळा तिने शेवेची भाजी केली होती तुम्हाला माहीत आहे. ती फक्त खरं बोलली.

आता रविवारचं सांगतो. तेच सांगायचंय.

या वर्षी प्रशिक्षण सोनगीरला घेतलं, हायवेच्या कडेच्या मंगल कार्यालयात. तुमच्या गावाला. मागच्या खिडकीतून किल्ला दिसतो आणि पुढच्या खिडकीतून ट्रक. खुर्च्या गोल लावल्या. सकाळी भेटीचे नियम झाले, यावलची गोष्ट झाली, आणि दुपारी खोटी बैठक.

नवीन माणसांना मी नेहमीप्रमाणे समजावून सांगितलं. हा एक मोडायला आलेला क्लब आहे असं समजा. ज्याच्या छातीवर जो बिल्ला, त्याने तसं वागायचं. एक जण विभागप्रमुख होईल. त्याने मागच्या खुर्चीवर बसायचं, बैठक हातात घ्यायची नाही, फक्त प्रश्न विचारायचे. बस.

'खुर्ची न सोडणारा माजी अध्यक्ष' हा तुमचा रोल. तुम्ही तो करायला लागलात की लोक पोट धरायचे. तुमच्यानंतर शिरपूरचे एक मास्तर करतात, पण त्यांच्या घरात लग्न होतं, आले नव्हते. मी बिल्ला हातात घेऊन कोणाला द्यावा ते बघत होतो, तेवढ्यात शमीमआपा उठल्या.

शमीमआपा तुमच्यानंतर आल्या. धुळ्याच्या. नवऱ्याबरोबर शाळेची दप्तरं शिवायचा छोटा कारखाना चालवतात आणि पाच क्लब बघतात. बोलतात कमी, हसतात मोठ्याने. माझ्या हातातून बिल्ला घेतला आणि माझ्याच शर्टाला लावला.

"भाऊ, आज तुम्हीच व्हा. मी विभागप्रमुख."

"मी? अहो, मला सगळ्यांवर लक्ष ठेवायचंय."

"ते मी ठेवते ना. बसा तुम्ही."

बसलो. आणि ठरवलं, करायचं तर तुमच्या तोडीचं करायचं. बैठक सुरू झाली. नवे लोक म्हणाले, या वर्षी नेत्रशिबिर आम्ही करतो. मी म्हणालो, "करा ना! कोणी अडवलंय? फक्त मंडपाचं तोंड उत्तरेला हवं. आणि खुर्च्या मी सांगेन तशा. आणि नंबरांच्या चिठ्ठ्यांचं अक्षर मला दाखवून घ्या." हॉल हसायला लागला. मला बरं वाटलं. मी आणखी चढलो. "दोरी सुती आणा, नायलॉनची गाठ सुटते. मागच्या वेळी सुटली होती!" लोक एकमेकांना कोपरं मारत होते. पारोळ्याचा तो नवा मुलगा तर डोळे पुसत होता. मला वाटलं, वा भास्कर, तुला अभिनयही येतो!

मागच्या खुर्चीवरून शमीमआपांनी विचारलं, "साहेब, मागच्या वर्षी मंडप कोणी लावला?"

"मी."

"त्याच्या आधी?"

"मीच."

"दमला नाहीत का?"

इथे तुमचं वाक्य आहे. 'मी दमलो तर क्लब बंद पडेल!' छातीवर हात मारून म्हणायचं. सगळ्यांना माहीत आहे, सगळे त्याची वाट बघत होते. मी तोंड उघडलं.

"दमलो," मी म्हटलं. "फार दमलो, आपा."

कोणी हसलं नाही. शमीमआपांनी खुर्ची थोडी पुढे घेतली आणि अगदी हळू विचारलं, "मग कोणाला तरी देऊन टाका ना."

"देईन. पण ते नीट नाही करणार."

आणि पुन्हा हशा फुटला! टाळ्यासुद्धा. "एक नंबर, भाऊ!" "नानांनंतर असा रोल कोणी केला नाही!" मी बिल्ला काढायला गेलो तर मागची पिन अडकली. माझ्या हातची पिन, मी स्वतः वाकवलेली, सहज निघू नये म्हणून. शर्टाला भोक पडलं, पण ओढून काढला.

कोणी मला हसत नव्हतं, नाना, एवढं मला कळतं. प्रेमाने हसत होते. पण ते कशाला हसतायत ते त्यांना माहीत होतं आणि मला त्या क्षणी कळलं. मला बाहेर पडायचंय, आणि दारात मीच उभा आहे. लोकही धरून आहेत, तुम्हीही धरून आहात, पण तिसरा हात माझा. हे कळल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, नाही का? उलट आणखी अडकलो.

आणि त्यावर कडी म्हणजे रमणभाऊ.

रमणभाऊ कोठारी या वर्षी प्रांताध्यक्ष आहेत. डाळ मिलवाले. दोन्ही जिल्ह्यांचे सगळे क्लब त्यांच्या हाताखाली. माणूस चांगला, हात मोकळा. समारोपाला माईकवर आले आणि म्हणाले, "भास्कर दमलाय हे मला आज कळलं. गमतीत बोलला, पण खरं बोलला. मी जेवताना चार लोकांशी बोललो आणि उपाय काढलाय." आणि सगळ्यांसमोर, जाहीर, त्यांनी मला पूर्णवेळ प्रशिक्षक केलं. मानधन देऊन. दुकान नातेवाइकांकडे सोपवायचं, जळगावला प्रांताच्या कार्यालयात बसायचं, वर्षभर हेच काम.

मी दमलो म्हणालो, आणि त्यावर औषध काय? तेच काम, पण रोज!

टाळ्या सुरू झाल्या. रमणभाऊंचा हात माझ्या दंडाकडे यायला लागला. तुमच्यासारखाच. मी एक पाऊल मागे झालो आणि माईकशी वाकलो. "नको भाऊ," मी म्हटलं. "मला हे नको." माझा अँप्लिफायर! शब्द मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ गेला. आयुष्यात पहिल्यांदा भरल्या सभेत मोठ्या माणसाला नाही म्हणालो, नाना.

आणि मग रमणभाऊंनी मला मिठीच मारली.

"बघा!" ते माईकमध्ये ओरडले, "याला म्हणतात नानांचा माणूस! एक पैसा घेणार नाही! सेवा म्हणजे सेवा!"

सगळे उठून उभे राहिले. मी म्हणतोय, "पैशाचं नाही हो, काम नको, काम..." कोण ऐकतंय? कोणीतरी शाल आणली. पांघरली. एक अक्का डोळे पुसत होत्या. आपल्या माणसांना पैसे नाकारणारा लगेच ओळखू येतो, काम नाकारणारा त्यांनी कधी पाहिलेलाच नाही. त्यांचं तरी काय चुकलं? आपणच शिकवलंय त्यांना.

घरी आलो. सुनंदाने शालीकडे बघितलं.

"म्हणजे पुढच्या वर्षीही तुम्हीच," ती म्हणाली आणि शाल घडी घालून बाकीच्या शालींवर ठेवली.

"मी नाही म्हणालो अगं."

"मग शाल कशाची?"

काल दिवसभर मोबाईलवर हार, हात जोडलेली चित्रं, 'नानांचा वारसा' असलं काय काय येत होतं. एक मोटार उघडून बसलो होतो, तिसऱ्यांदा वेढे चुकले. मी! चुकलो!

दुपारी शमीमआपांचा फोन आला. शुभेच्छा द्यायला नाही.

"भाऊ, तुम्ही काय नको म्हणालात ते मला समजलं," त्या म्हणाल्या. "पैसे नाही."

मी स्टुलावर बसलो.

"पुढच्या वर्षी मी घेते," त्या म्हणाल्या. "पण माझ्या हिशोबाने. नकाशा नाही लावणार, लोक मोबाईलवर बघतात. यावलची गोष्टही नाही, मी माझ्या क्लबांची सांगेन. आणि भाऊ, नाराज होऊ नका, तुम्ही हॉलमध्ये यायचं नाही."

"मागे बसेन. कोपऱ्यात."

"तुम्ही कोपऱ्यात बसलात तर सगळे कोपऱ्याकडे बघतील."

"निदान माईक तरी जोडून देतो. ती वायर जरा..."

"भाऊ!"

"बरं," मी म्हटलं. आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की 'बरं' म्हणताना माझी मूठ आवळलेली होती.

कसं करतील त्या? खुर्च्या रांगेत लावतील. माहीत आहे मला. कोणीतरी मध्येच उठून फोन घेईल आणि त्या त्याला काही म्हणणार नाहीत. भेटीचे नियम अर्धे सांगायचे राहतील. हे सगळं मला आत्ताच दिसतंय. मी सुटलोय असं वाटत नाही, नाना. अजिबात वाटत नाही. रमणभाऊंनी पुढच्या महिन्यातल्या प्रांताच्या बैठकीच्या विषयांत माझ्या सत्काराचा विषय घातलाय.

म्हणून तुम्हाला सांगतो, कारण तुम्हाला दिलेला शब्द मी आजवर मोडलेला नाही. त्या सत्काराला मी जाईन. उठून उभा राहीन आणि सांगेन की पुढच्या वर्षीपासून प्रशिक्षण शमीमआपा घेतील. टाळ्या वाजल्या तर टाळ्या थांबेपर्यंत उभा राहीन आणि पुन्हा सांगेन. तिसऱ्यांदा सांगावं लागलं तर तिसऱ्यांदा. आणि प्रशिक्षणाच्या रविवारी मी दुकानात असेन. फोन करून खुर्च्यांचं विचारणार नाही. हे शेवटचं सगळ्यात कठीण आहे, पण तेही लिहून देतो.

जामनेरला तुम्ही माईकवरून टाकलेला शब्द तेवढा मोडतोय. तुम्ही रागावलात तर मला चालेल. पण तुम्ही एकट्यात विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो, ते आता तुम्हाला कळलं आहे. तेवढं मनात ठेवा.

आणि एक. गावोगाव मी नाकारलेल्या रकमेचे आकडे फिरतायत. कोणी वीस हजार म्हणतं, धरणगावला कोणीतरी थेट लाख सांगितले. चुकीचा आकडा मला खपत नाही, तुम्हाला माहीत आहे. शिवाय ते पैसे मला हवे होते, नाना, हेही खरं; माझं यंत्र त्यातून वर्षभरात उभं राहिलं असतं. तेव्हा बरोबर आकडा माझ्याकडून घ्या. प्रांताचा पूर्णवेळ प्रशिक्षक, पाच वर्षांसाठी, महिना अडतीस हजार रुपये. मी नको म्हणालो.

तुमचा,
भास्कर
जळगाव